पुस्तक वाचलेला माणूस

साडेदहानंतर चारकोपच्या आमच्या गल्लीतले कुकर गप्प होतात,
मग उपेंद्र खिडकीला जुनी चादर लावतो,
दोन्ही टोकांना कपड्यांचे चिमटे.
रस्त्यावरचा नवा पांढरा दिवा थेट टीव्हीवर पडतो
आणि ह्या मालिकेत आधीच काही दिसत नाही:
काळा किल्ला, काळे घोडे, काळ्या पाण्यात काळी होडी.
पहिल्या भागात अर्धा वेळ मी
काचेत स्वतःलाच पाहत होते,
मांडीवर पेपर, पेपरावर लसूण.

त्यानं पुस्तकं वाचलीत. सहाच्या सहा.
फोर्टच्या फुटपाथवरून एकेक उचललेली,
चौथ्याचा कणा चिकटपट्टीनं बांधलेला,
दुसऱ्याच्या पोटात कुणाचं तरी जुनं बेस्टचं तिकीट.
"पुस्तकात असं नाही," तो म्हणतो.
पुस्तकात राणीला सावलीच नसते, इथे नुसती आजारी दाखवलीय.
पुस्तकात तो पूल लाकडाचा.
पुस्तकात हा म्हातारा इतका देखणा नाही.
मी म्हणते, मग जा ना, पुस्तकातच राहायला.

माझी आवडती ती मुलगी, मनोऱ्यात दिवे राखणारी.
शहरात कुणी जन्मलं की एक लावते,
कुणी गेलं की चिमटीनं विझवते.
हजारो दिवे, आणि त्यात आपला कुठला
हे तिला ठाऊक नाही.
तिचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही,
मी तिला दिवटी म्हणते.
तिचं पुढे काय होतं ते सांगायचं नाही,
अशी मी उपेंद्रला शपथ घातलीय.

तो सांगत नाहीच. पण कुणी मरायचं असलं
की दोन मिनिटं आधी उठतो.
दूध फ्रीजमध्ये ठेवतो.
राजाचा भाऊ गेला त्या रात्री
त्यानं गॅसचा कॉक दोनदा बघितला.
हे लक्षात आल्यापासून मी लढाया सोडून
त्याच्याकडेच बघत बसते.
पुस्तक वाचलेल्या माणसाचा चेहरा:
मऊ, जरा जास्तच मऊ,
जणू आपण झोपलोय
आणि तो चपला हातात घेऊन घरात शिरतोय.

बुधवारी परळला
सबनीस बाईंनी पाकिटातली फिल्म उजेडावर धरली,
खाली ठेवली, परत धरली.
मग विचारलं, एवढ्या लांबून कशा आलात? ऊन लागलं असेल.
टेबलावरची पाण्याची बाटली
उगाच दोन बोटं माझ्याकडे सरकवली.
मी म्हटलं, अरे,
ह्यांनीही वाचलंय.

घरी सांगितलं, सोमवारी परत बोलावलंय.
खोटं नव्हतं ते.
भाजीत मीठ बरोबर पडलं. चादर लागली, चिमटे लागले.
नववा भाग. दिवटी जिना चढत होती,
खालच्या मजल्यावरचे दिवे एकेक करून
आपोआप विझत होते,
आणि मी उठले.
"कुठे?"
"दूध ठेवते."
"ठेवलंय मी मघाशीच."
मग त्यानं रिमोट घेतला आणि चित्र थांबवलं.
बराच वेळ तो माझा चेहरा वाचत होता,
ज्या सावकाशीनं तो फाटकं पान उलटतो, तसा.

"तिचं काय होतं?" मी विचारलं.
"कुणाचं?"
"दिवटीचं. पुस्तकात."
शपथ आठवली असणार त्याला. तो काही बोलला नाही.
नंतर म्हणाला,
"इथे बदलतात गं. पूल नाही का दगडाचा केला?"

आयुष्यात पहिल्यांदा
त्याला पुस्तकापेक्षा मालिका बरी वाटत होती.
पडद्यावर जिना, जिन्यावर मिट्ट काळोख,
त्या काळोखात आम्ही दोघं, पेपर, पेपरावर लसूण.
खालच्या कोपऱ्यात आकडे: अजून एकवीस मिनिटं.

"लाव," मी म्हटलं.
त्यानं आधी माझा हात शोधला.
लसणाचा वास येत असेल, मी म्हटलं.
येऊ दे, म्हणाला.